दचकीचा होकार

फार पूर्वी, चामड्याचा चेंडू पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा त्या काळी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. गाव लहान, पण त्याचं फुटबॉलचं वेड मोठं. तिथली माणसं लग्नाची तारीखसुद्धा सामने बघून काढायची. एकदा म्हणे एका नवरदेवाने अंतरपाट धरलेला असतानाच भटजींना हळूच विचारलं होतं, "मध्यंतराला किती झाले होते?" आणि भटजींना ते माहीत होतं.

गावाला एक मैदान होतं आणि मैदानाची राखण करणारी एक मुलगी होती. ती हरळी लावायची, दगडी रूळ फिरवायची, चुन्याच्या रेघा अशा सरळ मारायची की बघत राहावं. कामात तिला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट होती. ती दचकायची. शिट्टी वाजली की दचकायची, कुत्रं भुंकलं की दचकायची, चेंडू खांबावर आपटला की दोन्ही पाय जमिनीवरून उचलले जायचे. कधी कधी तर फार वेळ काहीच वाजलं नाही म्हणूनही दचकायची. सगळं गाव तिला दचकी म्हणायचं. तिला त्याचा राग नव्हता. हाक मारली की ती आधी दचकायची आणि मग ओ द्यायची.

गावचा संघ बरीच वर्षं तेलघाणीवाल्या आजोबांनी सांभाळला होता. मग त्यांचे गुडघे धरले आणि ते लेकीच्या गावी राहायला गेले. मालक गेला तसे खेळाडूही पांगले. कुणी नदीपलीकडच्या गावाकडून खेळायला लागलं, कुणी सासुरवाडीकडून. मागे उरले फक्त खेळ शिकवणारे वस्ताद, सहा खेळाडू आणि एक चेंडू, तोही थोडा लांबट झालेला.

गावचे पंच म्हणाले, "दोन हंगाम वाट बघू. दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी येऊन बघू. गावाचा स्वतःचा संघ उभा दिसला तर ठीक. नाही दिसला तर या जागेवर गुरांचा बाजार भरवू. बाजाराला जागा कमी पडतेच आहे."

दचकीने डोळे मिटले. तिला आपल्या हरळीवर म्हशी उभ्या दिसल्या. एक तर रवंथही करत होती.

आता त्या गावात एक जुनी रीत होती. ज्याला संघाची मालकी हवी असेल त्याने दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी गोलाच्या खांबांमध्ये येऊन उभं राहायचं, आणि मैदान राखणाऱ्याने त्यातल्या एकाला 'हो' म्हणायचं. राखणारा कुणाच्या बाजूने खेळत नाही आणि कुणावर पैजही लावत नाही, म्हणून हा मान त्याचा. पण एकदा 'हो' म्हटलं की ते वर्षभर मागे घेता यायचं नाही. आधी हा मान दचकीच्या वडिलांचा होता. आता तो तिच्याकडे आला होता, आणि दसरा आठ दिवसांवर होता.

तिने एका कागदावर अकरा प्रश्न लिहून काढले. वस्तादांना वाचून दाखवले.

वस्ताद म्हणाले, "झकास आहेत. फक्त विचार म्हणजे झालं."

रविवारी मैदान भरलं. खांबांमध्ये दोघं उभे होते. एक फटाकेवाले शेठ, जरीची टोपी घालून. दुसरा गुरांची खरेदी-विक्री करणारा हेडी, खांद्यावर उपरणं टाकून.

दचकीने कागद उघडला. घसा साफ केला. पण शेठच आधी बोलले.

"मला स्वतःसाठी काही नको. गावाचं नाव झालं की माझं पोट भरलं. मी प्रेमापोटी आलोय, नुसत्या प्रेमापोटी." एवढं बोलून त्यांनी मागे हात केला, आणि त्यांच्या माणसाने लवंगीची लांबलचक माळ पेटवली.

तडतडतडतड.

दचकी उडाली. कागद एकीकडे गेला, चप्पल दुसरीकडे. आणि दचकलेल्या माणसाच्या तोंडून जे येतं तेच तिच्या तोंडून आलं, "हो हो हो हो हो हो…" माळ थांबेपर्यंत ती थांबली नाही.

धूर विरल्यावर सगळे तिच्याकडे बघत होते. वस्ताद जवळ आले आणि हळूच म्हणाले, "एक पुरलं असतं, पोरी."

झालं. संघ फटाकेवाल्या शेठचा झाला.

शेठ हात आखडता घेणारे नव्हते. त्यांनी नवे सदरे शिवले, नवे चेंडू आणले, आणि गावोगाव टांगे पाठवून गोल मारण्यात नाव काढलेले अकरा खेळाडू बोलावले. अकराही जण पुढे खेळणारे. वस्ताद डोकं खाजवत म्हणाले, "शेठ, सगळेच पुढे गेले तर मागे कोण? दोन तरी माणसं बचावाला बघा की."

शेठ हसले. "वस्ताद, बचाव झाला म्हणून कुणी फटाके उडवतं का?"

तेव्हा कुठे दचकीच्या लक्षात आलं. संघ जिंकला की मैदानात आतषबाजी व्हायची. ती बघायला पंचक्रोशीतली माणसं यायची, आणि बघून आपल्या घरच्या लग्नाचे फटाके शेठकडेच सांगून जायची. शेठना जिंकणं हवं होतं, तेही लगेच हवं होतं, आणि मोठ्या आवाजात हवं होतं. बाकी काही नको होतं हे ते खरंच बोलले होते.

पहिले तीन सामने संघ जिंकला. आकाशात बाण गेले, ठिणग्यांची झाडं सुटली, भुईचक्रं तर थेट हरळीवर फिरली. मैदानाच्या मधोमध काळे गोल पडले. दचकी दुसऱ्या दिवशी तिथे बसून काळी झालेली मुळं चाचपून बघायची. गावचे सहा खेळाडू कडेला बसून असायचे. त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

चौथ्या सामन्यापासून इतर गावांना गंमत कळली. या अकरा जणांना एकमेकांकडे चेंडू देणं म्हणजे आपल्या ताटातलं उचलून दिल्यासारखं वाटायचं. आणि गोलात उभं राहायला तर कुणीच तयार नसायचं. जो उशिरा येईल त्याला उभं करायचे. संघ हरला. पुन्हा हरला. शेठ आधी उशिरा यायला लागले, मग त्यांचा माणूस यायला लागला, मग माणूसही येईना. अकरा खेळाडू ज्या टांग्यांतून आले होते त्याच टांग्यांतून परत गेले. जाताना सदरेही घेऊन गेले.

हंगामाच्या शेवटच्या पराभवानंतर पाच मिनिटांत मैदान रिकामं झालं. दचकी पाण्याची घागर घेऊन जळक्या जागी हरळीचे तुकडे खोचत बसली होती. सहा खेळाडू आणि वस्ताद चेंडूला तेल लावत होते. आणखी एक बाई अजून तिथेच होती. कडेच्या चिंचेखाली बसून सामन्याला भडंग विकणारी भडंगवाली. तिची टोपली अर्धी भरलेली होती.

"काय गं दचके," ती म्हणाली. दचकी दचकली. "घे, खा. आज उरलंय."

दचकीने मूठभर भडंग घेतलं. लसूण चांगली खरपूस होती. "तुम्हाला वाईट नाही वाटत, मावशी? आपण हरलो."

"हरलो त्याचं काय एवढं. मला वाईट वाटतं ते माणसं लवकर उठून गेली त्याचं. हरलेल्या माणसाला काय भूक लागत नाही होय? पण थांबणार कुणासाठी? त्या अकरा जणांत कुणाचं कोण होतं?"

दचकीचा घास तोंडातच राहिला. तिच्या अकरा प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता. संघ जिंकल्यावर काय काय करणार, हे ती सगळ्यांना विचारणार होती. संघ हरेल त्या दिवशी कुणाचं काय, हे तिने लिहिलंच नव्हतं.

घरी जाऊन तिने जुना कागद चुलीत घातला. आता तिच्याकडे एकच प्रश्न होता. पण तो विचारायच्या आधीच कुणी काही वाजवलं तर?

दचकणं थांबवणं तिच्या हातात नव्हतं. तिने ते लहानपणापासून करून बघितलं होतं. पण दचकल्यावर तोंडातून काय निघावं, एवढं तरी बदलता येण्यासारखं होतं. त्या दिवसापासून तिने सराव सुरू केला. कुत्रं भुंकलं की ती दचकायची आणि म्हणायची, "थांबा." दार आपटलं की, "थांबा." शेजारच्या काकू शिंकल्या तरी, "थांबा." काकू तोंडावर पदर धरून तशाच थांबायच्या आणि विचारायच्या, "दुसरी आली आहे गं, देऊ का?" उन्हाळ्यात वळवाचा गडगडाट झाला तेव्हा तिने आभाळालाही थांबवलं होतं. आभाळ थांबलं नाही, पण ती चुकली नाही.

पुन्हा दसरा झाला. पुन्हा रविवार आला. खांबांमध्ये शेठ होते, जरीची टोपी नवी होती. हेडी होता. आणि थोड्या वेळाने टोपली सांभाळत भडंगवाली आली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"मावशी, भडंग बाहेर विका, इथे मालक उभे राहतात," कुणीतरी ओरडलं.

"विकायलाही आले आणि उभी राहायलाही आले," ती म्हणाली. "दोन कामांना दोनदा कोण येतंय?"

सगळे हसले. हसणं संपतंय न संपतंय तोच शेठनी मागे हात केला. या वेळची माळ खांबापासून खांबापर्यंत होती.

तडतडतडतड.

दचकी उडाली. चप्पल गेली. तोंड उघडलं.

"थांबा."

आवाज एवढा मोठा निघाला की तिची तीच पुन्हा दचकली. "थांबा. थांबा." माळ वाजून वाजून संपली. धूर गेला. दचकी तिथेच उभी होती आणि तिने कुणालाही हो म्हटलेलं नव्हतं. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

"मला एकच विचारायचंय," दचकी म्हणाली. चुन्याच्या रेघेवर ती सरळ उभी होती. "संघ हरेल त्या दिवशी तुमचं काय?"

शेठ गोंधळले. त्यांनी खरंच विचार केला. शेवटी म्हणाले, "हरेल त्या दिवशी मी कशाला येऊ?"

हेडी पुढे झाला. बोलता बोलता त्याने एका खेळाडूचा जबडा उघडून दातही बघून घेतले. "माझं चोख आहे. कोवळे आणायचे, अंग धरलं की विकायचे, पुन्हा कोवळे आणायचे. आणि हरून हरून संघ मोडलाच, तर इथे गुरांचा बाजार होईल. त्यातही माझंच भलं. मला कसलीच काळजी नाही बघ."

कसलीच काळजी नसलेला मालक बघून सगळ्यांनाच जरा काळजी वाटली.

भडंगवालीने टोपली खाली ठेवली. "हरेल त्या दिवशी? त्या दिवशीही मला भडंग विकायचंय. म्हणजे मला माणसं हवीत. दर रविवारी हवीत. आता बघा, बाहेरून आणलेल्या खेळाडूमागे त्याची पिशवी येते. आपल्या आळीतलं पोरगं खेळायला उतरलं तर त्याची आई येते, आत्या येते, दोन मामा येतात, आणि कुत्रंही येतं. पोरगं पडलं तरी कुणी उठून जात नाही, उलट जास्त वेळ बसतात. आणि बसलेल्या माणसाला भूक लागते. मला संघ आपल्याच पोरांचा हवाय आणि तो कायमचा हवाय. त्याशिवाय माझं चालायचं नाही."

"म्हणजे यात तुमचा स्वार्थ आहे, मावशी," शेठ म्हणाले.

"आहे की. पदराखाली झाकून कशाला आणू?"

दचकीने हरळीकडे बघितलं. जिथे जळली होती तिथे आता बोटभर उंचीची नवी पाती आली होती. कुणी घाई केली नाही, कुणी काही वाजवलं नाही. सगळीकडे शांत असताना तिने भडंगवालीकडे बघून 'हो' म्हटलं. एकदाच.

भडंगवालीने कुरमुऱ्यांची पोती उसवली, रंगवली आणि त्यांचे सदरे केले. त्यांना लसणाचा वास यायचा. समोरचे जवळ येत नाहीत ते त्या वासाने, असं खेळाडू म्हणायचे. वस्ताद म्हणायचे, तो वासाचा नाही, सरावाचा गुण आहे.

सगळंच काही सुरळीत होतं असं नाही. एक दिवस ती वस्तादांकडे आली. "प्रत्येक आळीतलं एकेक पोरगं घ्या. म्हणजे सगळ्या आळ्या येतील."

"सरावाला सगळ्यांना घेईन," वस्ताद म्हणाले. "पण संघात येईल तो ज्याच्या त्याच्या पायाने. आत्या किती आहेत ते बघून नाही."

भडंगवालीने जरा विचार केला. "सराव रोज असतो ना? मग चालेल. रोज थोडं थोडं खपेल."

मग तिने दचकीला विचारलं, मध्यंतर थोडं लांबवता येईल का, म्हणजे माणसांना खायला सवड मिळते. दचकी म्हणाली, "थांबा," आणि तो विषय तिथेच संपला.

जुने सहा खेळाडू नव्या पोरांना शिकवायला लागले. कासाराचा मुलगा पळायला चपळ निघाला. कोष्ट्याची मुलगी गोलात उभी राहिली, कारण उडता चेंडू ती मागावरच्या धोट्यासारखा अलगद झेलायची. पहिला सामना संघ सात गोलांनी हरला. त्या दिवशी भडंग संध्याकाळपर्यंत पुरलं नाही. दुसरा पाच गोलांनी हरला. मग तीन. मग एकच. हरण्यात एवढी प्रगती केलेला संघ पंचक्रोशीत दुसरा नव्हता. अधूनमधून ते जिंकायलाही लागले, आणि जिंकल्यावर काय करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नसल्यामुळे ते घरी जाऊन जेवायचे.

हंगामाचा शेवटचा रविवार आला. नदीपलीकडच्या गावाशी सामना होता. पंच ठरल्याप्रमाणे मैदान बघायला आले. हेडीसुद्धा आला होता, बाजाराच्या दावणी कुठे बांधता येतील ते पावलांनी मोजत. पण चार पावलांपुढे त्याला जाता येईना. चिंचेपासून नदीच्या धक्क्यापर्यंत माणसंच माणसं होती. कासाराकडचे चौदा जण होते. कोष्ट्याची आजी खाट घेऊन आली होती. पंचांना बसायला जागा मिळाली नाही. ते एका पायावर भार देत, हातात भडंगाचा पुडा धरून, दचकीच्या शेजारी उभे राहिले.

पलीकडचा संघ एका गोलाने पुढे होता. वेळ संपत आली होती, तरी एकही माणूस उठला नव्हता. पंचांनी तोंडातला घास गिळला आणि दचकीकडे वळून विचारलं, "काय गं, मग हे मैदान असंच राहू द्यायचं का?"

त्याच वेळी कासाराच्या मुलाने कोपऱ्यातून आलेला चेंडू डोक्यावर घेतला. चेंडू खांबावर आपटला, धाडकन, आणि आत गेला. चौदा कासार एकदम उठले. त्यांच्यामागे सगळं गाव उठलं. शेठचे सगळे फटाके एकत्र लावले असते तरी एवढा आवाज झाला नसता.

दचकी उडाली. दोन्ही चपला गेल्या. वर्षभर घोटलेला 'थांबा' कुठल्या कुठे गेला. तिच्या तोंडून निघालं, "हो हो हो हो हो हो…"

पंचांनी पुडा खाली ठेवला आणि हात वर करून सगळ्यांना शांत केलं. "राखणारीने हो म्हटलंय," ते म्हणाले. "आपल्या गावात ते वर्षभर मागे घेता येत नाही. बाजाराचं पुढच्या वर्षी बघू."

हेडी उपरणं झटकत निघाला. वाटेत त्याने भडंग घेतलं.

त्यानंतर दरवर्षी शेवटच्या रविवारी पंच दचकीला तोच प्रश्न विचारायचे. आणि विचारताना तिच्या मागे उभं राहून कुणीतरी मुद्दाम टोपलीवर थाप मारायचं. ती कोण असायची ते सगळ्यांना माहीत होतं, कारण हाताला लसणाचा वास यायचा.

तात्पर्य: आपलं काही उभारून द्यायला कुणी आलं, तर तो किती देणार हे नंतर विचारावं. आपण हरू त्या दिवशी त्याचं काय, हे आधी विचारावं. आणि उत्तर कळेपर्यंत, कितीही मोठा आवाज झाला तरी, 'हो' म्हणू नये.